एंटर दाबेपर्यंत मेनफ्रेमला काहीच का कळत नाही?

तुमचा प्रश्न असा: बँकेच्या प्रकल्पावर लागून तीन महिने झाले आणि रोज काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांशी गाठ पडते. टाइप करताना मेनफ्रेमला, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती मोठ्या काँप्युटरला, काही पत्ता नसतो. एंटर दाबला की कीबोर्ड बंद पडतो, खाली 'एक्स सिस्टम' येतं आणि उत्तर येईपर्यंत एक अक्षर उमटत नाही. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या टर्मिनलची पीसीवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एंटर म्हणजे उजवीकडची कंट्रोल कळ. आणि या सगळ्याला ८० अक्षरं बाय २४ ओळींची चौकट. 'हे इतकं विचित्र का आहे, आणि सुरुवातीचे डंब टर्मिनल असेच होते का?'

आधी 'डंब' या शब्दाबद्दल. हा शब्द टेलिटाइपच्या, म्हणजे तारेने जोडलेल्या छपाईयंत्राच्या, वळणाच्या टर्मिनलला शोभतो: कळ दाबली की अक्षर तारेवर, तारेवरून आलं की अक्षर पडद्यावर, स्वतःची अक्कल शून्य. तुम्ही ज्याची नक्कल वापरताय तो आयबीएमचा ३२७० त्या जातीचा नाही. तो विचित्रही नाही, कंजूष आहे. त्याची एकेक खोड स्मृतीचा आणि तारेचा खर्च वाचवण्यासाठी पडली आहे. हे समजून घ्यायचं तर चित्र कुठे साठवायचं, या कटकटीपासून सुरुवात करावी लागेल.

पिक्चर ट्यूबला काहीही लक्षात राहत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर पडला की ठिपका उजळतो आणि क्षणात विझतो. अक्षर स्थिर दिसायचं तर तेच चित्र सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पुन्हा पुन्हा काढत राहावं लागतं. म्हणजे पडद्यावर काय आहे हे सतत कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. आज याचा विचारही करावा लागत नाही. १९६५ च्या आसपास मात्र हा सगळ्यात महाग प्रश्न होता.

त्याआधी काँप्युटरला पडदे नव्हते असं नाही. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाची 'सेज' ही यंत्रणा १९५८ पासून कामाला लागली. तिच्यात सैनिक गोल पडद्यांसमोर बसून लाइट गनने विमानाच्या ठिपक्याकडे नेम धरायचे. तिथल्या 'कॅरॅक्ट्रॉन' ट्यूबची युक्ती मला अजूनही आवडते: ट्यूबच्या आतच अक्षरांच्या आकाराची भोकं पाडलेला पातळ पत्रा असायचा, झोत हव्या त्या भोकातून जायचा आणि अक्षराचा आकार घेऊनच पडद्यावर आदळायचा. छापखान्यातला खिळाच, फक्त इलेक्ट्रॉनचा. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनवलेल्या टीफ्रॅकलाही आलेख आणि अक्षरं दाखवणारी ट्यूब जोडलेली होती. पण ही सगळी सरकारी किंवा संशोधनाची यंत्रं. विमा कंपनीच्या कारकुनासमोर पडदा ठेवायचा तर हिशेब वेगळा होता.

तो हिशेब करून पाहा. आयबीएमच्या सिस्टम/३६० मालिकेत मॉडेल ३० हे छोटं यंत्र होतं आणि त्याची सगळ्यात कमी स्मृती होती ८ के, म्हणजे साधारण आठ हजार अक्षरांची. याच काळात कंपनीने २२६० नावाचं डिस्प्ले स्टेशन आणलं. त्याच्या सगळ्यात मोठ्या प्रकारात १२ ओळी आणि ओळीला ८० अक्षरं, म्हणजे ९६० अक्षरं. असे आठ पडदे लावले तर ७,६८० अक्षरं झाली. नुसती पडद्यावरची अक्षरं लक्षात ठेवण्यात छोट्या मेनफ्रेमची जवळजवळ सगळी स्मृती संपली! फेराइट कोअरच्या मण्यांमध्ये, म्हणजे त्या काळच्या महागड्या चुंबकी स्मृतीत, हे साठवणं कुणाला परवडणार?

म्हणून २२६० साठी तार वापरली. इथे जरा थांबतो, कारण हे मला कुणी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती. साधारण ५० फूट लांबीची निकेलच्या जातीची तार वेटोळं करून पेटीत बसवलेली. तिच्या एका टोकाला विजेच्या स्पंदनाने बारीकसा पीळ द्यायचा. तो पीळ तारेतून ध्वनिलहरीसारखा पुढे सरकतो, हवेतल्या आवाजाच्या साधारण आठपट वेगाने, आणि साडेपाच मिलिसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथे तो वाचायचा, पुन्हा ठसठशीत करायचा आणि पहिल्या टोकाला परत सोडून द्यायचा. असे हजारो पीळ एकामागे एक तारेतून धावत असतात. पीळ आहे म्हणजे ठिपका उजळ, नाही म्हणजे काळा. लहानपणी दुकानातून आणायच्या वस्तू विसरू नयेत म्हणून रस्ताभर पुटपुटत जायचो, तशी ही स्मृती. पुटपुटणं थांबलं की यादी गेली.

या तारा पडद्यात नव्हत्या. त्या २८४८ नावाच्या नियंत्रक कपाटात असायच्या आणि ते कपाट हजार पौंडांच्या घरात जायचं. मोठ्या पडद्याच्या प्रकारात असं एक कपाट फक्त आठ टर्मिनल चालवायचं. टेबलावरचा २२६० म्हणजे कीबोर्ड जोडलेला टीव्हीच. तारेला उष्णता आणि हादरे दोन्ही बाधायचे, कारण तारेची लांबी केसभर बदलली तरी पीळ पोचण्याची वेळ बदलते.

तुमच्या एंटरची सुरुवात याच पडद्यावर आहे. २२६० वर लिहिण्याआधी ऑपरेटर एक त्रिकोणी खूण उमटवायचा, 'इथून पुढे माझं' अशी. मग टाइप करायचा. चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचा. हे सगळं कपाटातल्या तारेपुरतंच, मेनफ्रेमला त्याची गंधवार्ता नाही. एंटर दिला की त्या खुणेपासून कर्सरपर्यंतचा मजकूर एकदम रवाना. टेलिटाइपवर चुकलेलं अक्षर कागदावर आणि यंत्रात दोन्हीकडे जायचं, इथे ते पडद्यावरच मरायचं.

स्मृतीचा प्रश्न सोडवण्याचे दुसरेही रस्ते निघाले. टेक्ट्रॉनिक्सने ट्यूबलाच लक्षात ठेवायला शिकवलं. त्यांच्या ४०१० वर एकदा काढलेली रेघ पुसेपर्यंत तशीच राहायची, पुन्हा काढायची गरजच नाही. फक्त पुसायचं तर सगळाच पडदा पुसावा लागायचा, आणि तेव्हा हिरवा लखलखाट व्हायचा. आलेखांसाठी उत्तम, पण फॉर्म भरायला निरुपयोगी.

तिसरा रस्ता सिलिकॉनचा, शिफ्ट रजिस्टरचा. कल्पना तारेचीच: बिट रांगेत उभे, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पुढे, शेवटचा फिरून पहिल्या जागी. तार गेली, चिप आली, पुटपुटणं तेच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या काँप्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने या जोरावर टेलिटाइपच्या जागी बसणारा डेटापॉइंट ३३०० काढला आणि १९७० मध्ये डेटापॉइंट २२०० आणला. त्याच्या प्रोसेसरची एक चिप करून द्या, असं त्यांनी इंटेलला सांगितलं. चिप वेळेत झाली नाही, त्या कंपनीने ती वापरली नाही, आणि १९७२ मध्ये इंटेलने ती ८००८ म्हणून बाजारात आणली. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलच्या वळणाची चिप असेल तर तिची वंशावळ एका टर्मिनलपाशी जाते. संख्येचा खालचा बाइट आधी ठेवायची तिची सवयही तिथलीच, कारण फिरत्या रांगेतून एकेक बिट घेऊन बेरीज करायची तर एककाकडूनच सुरुवात करावी लागते. हे थोडं विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमचा ३२७०. आयबीएमने तो १९७१ मध्ये जाहीर केला. टेबलावरच्या पडद्याचा क्रमांक ३२७७. लहान प्रकार १२ ओळी बाय ४०, म्हणजे ४८० अक्षरं. मोठा २४ बाय ८०, म्हणजे १,९२०. अक्षरं आता टर्मिनलमधल्याच शिफ्ट रजिस्टरमध्ये फिरत होती. एका नियंत्रकाला कोअॅक्स केबलने ३२ पर्यंत यंत्रं जोडता यायची, प्रत्येकाला स्वतंत्र केबल. मी १९८६ साली न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत कामाला गेलो तेव्हा ३२७७ वापरात होते, शेजारी नवे ३२७८ ही होते. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला होता, त्यामुळे माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी हे यंत्र पहिल्यांदा परदेशातच पाहिलं. मला आठवतो तो फॉल्स फ्लोअरखालचा केबलचा गुंता. एक टेबल खिडकीकडे सरकवायचं म्हटलं तरी दोन माणसं अर्धा दिवस फरशा उचलत बसायची.

खरा पेच केबलचा नव्हता, टेलिफोनच्या तारेचा होता. दुसऱ्या शहरातल्या शाखेत टर्मिनल ठेवायचा तर सेकंदाला २,४०० बिटची लाइन घ्यावी लागे. पडद्यावरची १,९२० अक्षरं, अक्षराला ८ बिट, म्हणजे १५,३६० बिट. पडदा भरायला ६.४ सेकंद, तोही त्या लाइनवर दुसरं कुणी नसताना. आणि एका लाइनवर बरेच जण असायचे. आता प्रत्येक कळ मेनफ्रेमकडे पाठवायची, त्याने कामात अडथळा घेऊन ती वाचायची आणि अक्षर परत पाठवायचं, असं शेकडो कारकुनांसाठी करायचं ठरवलं तर यंत्र दिवसभर फक्त 'हो, आलं' म्हणत बसेल.

त्यापेक्षा पडदा म्हणजे छापील फॉर्म, अशी कल्पना त्यांनी केली. पोस्टात मनीऑर्डरचा फॉर्म भरताना काउंटरवरचा माणूस तुमच्या प्रत्येक अक्षराकडे बघत नाही. भरा, खाडाखोड करा, पुरता झाला की खिडकीतून सरकवा. मेनफ्रेम एकदा फॉर्म धाडतो: काही जागा छापील, तिथे हात लावता येत नाही, काही भरायच्या. प्रत्येक जागेच्या आधी एक गुणधर्माचा बाइट असतो. तो पडद्यावरची एक जागा खातो आणि कोरा दिसतो. तुमच्या पडद्यावर प्रत्येक रकान्याआधी एक रिकामी जागा दिसते ना, ती रिकामी नाही. तिथे लिहिलेलं आहे की हा रकाना भरता येतो का, फक्त अंक घेतो का, ठळक दिसतो की अजिबात दिसत नाही. पासवर्ड दिसत नाही तो याच बाइटमुळे. अक्षरं बफरमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या स्मृतीत, मात्र असतात.

त्याच बाइटमध्ये एक बिट आहे, माझ्या मते सगळ्या रचनेतला सगळ्यात हुशार. त्याला एमडीटी (मॉडिफाइड डेटा टॅग, म्हणजे 'बदल झाला' ही खूण) म्हणतात. रकान्यात तुम्ही एक जरी अक्षर टाइप केलं तरी टर्मिनल तो बिट चढवतो. एंटर दिला की फक्त चढलेल्या रकान्यांचाच मजकूर जातो. समजा दहा-दहा अक्षरांचे तीन रकाने भरले. कोणती कळ दाबली त्याचा १ बाइट, कर्सर कुठे आहे त्याचे २, मग प्रत्येक रकान्याला खुणेचा १, पत्त्याचे २ आणि मजकुराचे १०. एकूण ४२ बाइट. लाइनच्या शिष्टाचाराचे थोडे बाइट सोडले तर २,४०० च्या लाइनवर सेकंदाचा सातवा हिस्सा. कुठे ६.४ सेकंद आणि कुठे हे!

पत्त्याचे ते दोन बाइट एकदा ट्रेसमध्ये, म्हणजे लाइनवरून गेलेल्या बाइटच्या नोंदीत, नक्की पाहा. हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) पडद्याची पहिली जागा '४० ४०', दुसऱ्या ओळीची पहिली 'सी१ ५०', शेवटची '५डी ७एफ'. सरळ ०, ८० आणि १,९१९ लिहायला काय हरकत होती? हरकत अशी, की उघडे आकडे पाठवले तर त्यांतले काही लाइनच्या नियंत्रण-खुणांसारखे दिसले असते आणि मोडेम-नियंत्रक गोंधळले असते. म्हणून संख्येचे सहा-सहा बिटांचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला छापता येणाऱ्या अक्षराचा मुखवटा चढवला. ८० म्हणजे एक चौसष्ट आणि वर सोळा. १ चा मुखवटा 'सी१', १६ चा '५०'. एकदा हे कळलं की डंप (बाइटची कच्ची यादी) वाचता येतो.

कीबोर्ड बंद का पडतो, हेही आता कळेल. फॉर्म तुम्ही खिडकीतून आत दिलाय, तुमच्या हातात काही नाही. त्यावर आता मेनफ्रेम लिहिणार आहे. तेवढ्यात तुम्ही टाइप केलं तर दोघांचे हात एकाच कागदावर. म्हणून एंटर दिल्याबरोबर टर्मिनल स्वतःच कीबोर्डला कुलूप घालतो, आणि मेनफ्रेम उत्तर पाठवताना 'कुलूप उघड' हा बिट सोबत धाडतो. प्रोग्रॅमरने तो बिट द्यायचा राहिला तर पडदा येतो, कुलूप तसंच राहतं. सीआयसीएसमध्ये (मेनफ्रेमवर असे पडदे चालवणाऱ्या प्रणालीत) 'फ्रीकेबी', म्हणजे 'कीबोर्ड उघड', लिहायला विसरलेला माणूस मी दर वर्षी एक तरी पाहिला. ३२७७ वर हे सांगायला पडद्याच्या उजवीकडे छोटे दिवे होते. ३२७८ मध्ये दिव्यांच्या जागी तळाची ओळ आली, तुमचा 'एक्स सिस्टम' तिथला.

उजव्या कंट्रोलचं कोडं सोपं आहे. मूळ कीबोर्डवर दोन वेगळ्या कळा होत्या. तुमच्या लॅपटॉपवर जिथे एंटर आहे तिथे 'पुढच्या ओळीवर जा' ही कळ होती. ती फक्त कर्सर हलवायची, मेनफ्रेमला काही सांगायची नाही. पाठवायची एंटर कळ खाली स्पेसबारच्या उजवीकडे. पीसीच्या कीबोर्डवर त्या जागी कंट्रोल आली आणि एम्युलेटरवाल्यांनी बोटांची सवय जपली. कळांच्या नावांपेक्षा बोटांच्या जागा जास्त टिकतात, याचा दुसरा दाखला पीएफ कळांचा (आजच्या एफ१, एफ२ सारख्या). ३२७७ वर त्या उजवीकडे तीन-तीनच्या चार ओळींत होत्या, तिसऱ्या ओळीत ७-८-९ आणि चौथीत १०-११-१२. मेनफ्रेमवरच्या आयएसपीएफ या संपादन-प्रोग्रॅममध्ये ७-८ वर-खाली आणि १०-११ डावी-उजवी असण्यामागे तीच मांडणी आहे. आजच्या सरळ रांगेत त्याला काही अर्थ उरलेला नाही.

या फॉर्मपद्धतीने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. विमेदाराच्या नावाचा वीस अक्षरांचा रकाना मी पडद्यावर मांडला. गोम अशी, की रकाना कुठे संपतो हे ३२७० ला सांगावं लागत नाही. पुढच्या गुणधर्माच्या बाइटपर्यंत तो चालूच राहतो. म्हणून भरायच्या रकान्यानंतर लगेच एक 'स्टॉपर' टाकायचा असतो, नुसता गुणधर्म, मजकूर नाही. मी तो विसरलो. चाचणीत सगळी नावं आखूड. प्रत्यक्षात एका बाईंनी लांबलचक पोलिश आडनाव टाइप केलं, पडद्याने ते पूर्ण घेतलं, पूर्ण दाखवलं, आणि प्रोग्रॅमने पहिली वीस अक्षरं उचलून बाकीची गुपचूप टाकून दिली. कारकून शपथेवर सांगत होत्या की नाव बरोबर टाकलंय, आणि त्या खरंच बोलत होत्या. पॉलिसीच्या कागदावर तुटकी आडनावं छापून जायला लागली तेव्हा प्रकरण माझ्यापर्यंत आलं. दुरुस्ती एका ओळीची. दिलगिरीची पत्रं किती गेली ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

राहिलं ८० बाय २४. ऐंशीचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: आयबीएमचं १९२८ पासूनचं पंचकार्ड ८० स्तंभांचं. चोवीसबद्दल लोक सांगतात की १,९२० हा आकडा २ के च्या (२,०४८ च्या) आत नीट बसतो म्हणून. मला हे पटत नाही. ३२७० ची स्मृती फिरत्या रांगेची होती, दोनच्या घातांचं बंधन तिला नव्हतं. ४८० ची चौपट १,९२० होते, आणि जुन्या २२६० च्या १२ ओळींची दुप्पट २४. जुन्या पडद्यांसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्यावर सहज बसावेत, हे मला खरं कारण वाटतं. चोवीस ओळी नैसर्गिक असत्या तर त्या काळात सगळ्यांनी त्याच निवडल्या असत्या. पण डेटापॉइंट ३३०० चा पडदा २५ बाय ७२ होता, डेक या काँप्युटर कंपनीच्या व्हीटी०५ चा २० बाय ७२, आणि आयबीएमच्याच २२६५ चा १५ बाय ६४. पुढे ३२७० इतका पसरला की डेकच्या व्हीटी५२ ने १९७५ मध्ये २४ बाय ८० घेतलं, मग व्हीटी१०० ने, आणि बाकीच्यांनी वेगळं करायचं सोडून दिलं.

तुमच्या रोजच्या उपयोगाचं शेवटी. तळाच्या ओळीत फुलीपुढे घड्याळ किंवा 'सिस्टम' असेल तर फॉर्म खिडकीच्या पलीकडे आहे, कळा बडवून उपयोग नाही. फुलीपुढे माणसाची आकृती आणि दोन्ही बाजूंना बाण असतील तर छापील जागेवर टाइप केलंय: रिसेट, मग टॅब. आणि इन्सर्टमध्ये असताना, रकान्यात जागा दिसत असूनही अक्षर घुसत नसेल तर प्रोग्रॅमरला धरा. त्याने रकान्याची शेपूट नलऐवजी (खऱ्या रिकाम्या जागेच्या खुणेऐवजी) स्पेसने भरली आहे. ३२७० च्या लेखी स्पेस हे पुरेपूर अक्षर आहे, आणि भरलेल्या जागेत तो दुसरं अक्षर सारणार नाही. एंड-ऑफ-फील्डपर्यंत पुसायची कळ दाबा, मग टाइप करा.